विहिरीतली मरळ

ऑपरेशननंतर माझ्या बायकोचं, प्रभावतीचं, अन्नावरचं मनच उडालं. अंगात ताकद आली तरच पुढचे उपचार करता येतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि बाईसाहेबांचा एकच हट्ट, मरळ माशाचा रस्सा. तिचं माहेर जीवरेखा नदीच्या काठचं. लहानपणी आईच्या हातचा खाल्लेला तो रस्सा सोडून तिची जीभ कशालाच हो म्हणेना.

आता मरळ आणायची कुठून? टेंभुर्णीच्या बाजारात भुजंग मासेवाल्याच्या टपात बघावं तर मांगूरच मांगूर. परदेशातून आलेला हा मासा भलता खादाड. नदीतल्या बाकीच्या माशांची अंडी-पिल्लं त्यानं फस्त केली. एकदा मी तोच मरळ म्हणून शिजवला, तर प्रभावतीनं पहिल्याच घासाला ताट सारलं. "मला आजारी समजा, येडी नका समजू." मी निवृत्त मास्तर, पण तिच्यापुढं कायमचा नापास.

मग एका सकाळी भुजंगाचा फोन आला. "सर, एक मरळ घावली. जल्दी या." मी पोचेपर्यंत किराणा दुकानवाले श्रेयांसशेठ अख्खा टप विकत घेऊन नदीवर गेले होते. शेठ जैन, माणूस सोन्यासारखा. दर पर्युषणात आईच्या नावानं जिवंत मासे विकत घेऊन पाण्यात सोडतात. बाजारात टपात तग धरतो तो बहुतेक मांगूरच. म्हणजे इतकी वर्षं हे पुण्य कुणाच्या पोटात गेलं, ते सांगायला नको.

मी नदीकडे धावलो. शेठ टप कलता करणार, तोच मी त्यांचा हात धरला.

"शेठ, मांगूर सोडू नका. नदीतले सगळे मासे ह्यांनीच खाल्ले."

शेठ टपाकडे बघतच राहिले. "मी तर जीव वाचवून राह्यलो व्हतो, सर."

त्यांचा चेहरा पाहून माझा राग जिरला. तरी मागितलंच. "त्यातली मरळ तेवढी मला द्या. प्रभावती कितीक दिवस जेवली न्हाई."

शेठनी टप खाली ठेवला. मग माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "घ्या सर. मला पाहता येणार न्हाई."

मी मरळ पाण्यासकट डब्यात घेतली. मांगुरांचं काय करायचं, ते दोघांनाही सुचलं नाही.

घरी मसाला परतायला घेतला. प्रभावतीनं डबा जवळ ओढला, मरळीच्या पोटावरून हलकेच बोट फिरवलं आणि म्हणाली, "पोटुशी हाय ओ ही. गॅस बंद करा."

"अगं, पण तू..."

"शेतातल्या विहिरीत सोडा. पिल्लं मोठी झाली की एक खाईन. तवर भाकरच वाढा."

मी गॅस बंद केला आणि मरळ विहिरीत सोडून आलो.

आता रोज संध्याकाळी मी शेतातून आलो की ती विचारते, "दिसली का?" विहिरीचं पाणी काळंभोर. त्या दिवसापासून मरळ मला एकदाही दिसलेली नाही. जगली की मेली, कुणास ठाऊक. "दिसली," मी म्हणतो. तसं म्हटलं की प्रभावती अर्धी भाकर खाते.