चौदा नंबरचा शेरा

मी एक जुना, पोट फुगलेला बॅटरीचा डबा आहे, मित्रांनो. मला नाव नाही, नंबर आहे: चौदा. तो माझ्या कपाळावर जाड पेनने लिहिलेला आहे आणि अजून पुसलेला नाही. एका खोलीच्या खिडकीत, शिवणयंत्राशेजारी माझी जागा आहे. हसू नका, एके काळी मी अख्खी मोटार ओढली आहे. म्हणजे एकट्याने नाही, आम्ही अठ्ठावीस भावंडं होतो. पण म्हाताऱ्याने थोडी बढाई मारली तर तेवढं चालवून घ्या.

आमची गाडी पेट्रोलवरही चालायची आणि आमच्यावरही. ब्रेक दाबला की आम्ही वीज पोटात भरून घ्यायचो आणि गाडी हलायला लागली की ती देऊन टाकायचो. मागच्या सीटमागे आम्ही एका रांगेत, हातात हात घालून उभे असायचो. एक जण ढेपाळला की सगळी रांग ढेपाळलीच म्हणून समजा. आणि रांगेच्या मधोमध उभं राहणं म्हणजे काय ते मला विचारा! कडेच्यांना वारा लागतो, मधल्यांना दोन्हीकडून शेजाऱ्यांची धग. म्हणून आमच्यासाठी एक पंखा होता. मागच्या सीटच्या बाजूला एक छोटी जाळी होती, तिथून पंखा गाडीतली गार हवा ओढायचा आणि आमच्या अंगावर सोडायचा. ती जाळी म्हणजे आमचं नाक होतं.

कारखान्यात आमची ताकद मोजून, सारख्याला सारखा जोडून आम्हाला एकत्र बसवलं होतं. पहिला मालक एक साहेब होता. "गाडी चालू आहे की बंद, कळतसुद्धा नाही!" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि आमची छाती फुगायची. आठ वर्षांनी त्याला नवी गाडी आवडली. आम्हाला विकताना त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. चालायचंच.

मग आम्ही लिफ्टवाल्या काकांकडे आलो. त्यांनी आयुष्यभर उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. काकू घरी कपडे शिवायच्या. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जाऊन, यंत्राला जोडून रक्त साफ करून घ्यावं लागे. रुग्णालय दूर. बसच्या धक्क्यांनी काकूंना उलट्या व्हायच्या. काकांनी आमची गाडी घेतली ती केवळ तिची चाल मऊ होती म्हणून.

परतीच्या वाटेवर काकूंना फार थंडी वाजायची. त्या मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन पडायच्या.

"अहो, पाय बर्फ झालेत माझे. कुठून तरी वारा येतोय."

काकांनी गाडी कडेला घेतली, सीटभोवती हात फिरवला आणि त्यांना ती जाळी सापडली. त्यांना वाटलं, वारा इथूनच येतो. त्यांनी तिथे उशी दाबून बसवली आणि वरून काकूंनी स्वतः विणलेली केशरी लोकरीची शाल खोचली.

मित्रांनो, त्या जाळीतून वारा येत नव्हता, आत जात होता! पण हे सांगणार कोण? त्या दिवसापासून आमचं नाक बंद झालं. पंखा बिचारा जीव तोडून फिरायला लागला. त्याची घरघर काकांना ऐकू गेली. लिफ्टच्या कामावर नव्या माणसांना ते दम द्यायचे, "यंत्र बोलायला लागलं की आधी ऐकायचं!" आणि आता त्यांनी काय केलं? घरघरीने काकूंची झोप मोडते म्हणून उशीवर आणखी एक उशी ठेवली. काकूंना मात्र शांत झोप लागायची. आरशातून ते झोपलेलं तोंड बघत काका गाडी चालवायचे. मी त्यांच्यावर रागावलोही होतो, खोटं कशाला बोलू? पण त्या माणसाची माया खोटी नव्हती.

वर्षभर मी भाजून निघालो. एका शुक्रवारी चढावर माझा दम संपला. काकांच्या समोर गाडीतला धोक्याचा तांबडा दिवा लागला आणि गाडी रस्त्यातच बसली. काकूंना एका भाजीच्या टेम्पोत पुढे बसवून रुग्णालयात न्यावं लागलं. गॅरेजवाला म्हणाला, सगळाच संच बदला. ते काकांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग भाड्याच्या रिक्षा सुरू झाल्या. दुसऱ्याच फेरीनंतर काकू दारातच खाली बसल्या.

"मी आता जायची नाही," त्या म्हणाल्या. "जाऊन येऊन जीव जाणार असेल, तर घरीच जाऊ दे की."

"असं बोलू नकोस. आठ दिवस दे मला. गाडी उभी करतो."

"दिले आठ. तोवर रिक्षाने जाईन. पण नववा मागायचा नाही."

काकांनी मागची सीट काढली. आधी वीज तोडणारी खिटी ओढली, हातात रबरी मोजे चढवले आणि मगच आमचं झाकण उघडलं. आमच्या रांगेत माणूस मारण्याइतकी वीज असते, मित्रांनो. काका जन्मभर विजेशी खेळलेले होते, तुम्ही कधीच हात लावू नका.

त्यांनी आम्हाला एकेक करून शिवणाच्या टेबलावर मांडलं आणि नंबर घातले. काळ्या पडलेल्या तांब्याच्या पट्ट्या घासल्या. मग परीक्षा सुरू झाली. प्रत्येकाला गाडीचा मोठा दिवा जोडायचा, दोन मिनिटं जळू द्यायचा आणि जोर किती उतरला ते बघायचं. काकू खुर्चीत शाल पांघरून बसल्या. घड्याळ त्यांच्याकडे आणि वहीही त्यांचीच, गिऱ्हाइकांची मापं लिहायची. छाती, कंबर, बाही असे रकाने पाडलेले आणि शेवटी शेरा. शेऱ्यात काकू मनातलं लिहायच्या: "खांदा उतरता", "कापड कमी, बोलणं फार."

"तेरा?"

"सात पॉइंट पाच."

"बाहीच्या रकान्यात लिहू का कमरेच्या?"

"कुठेही लिही गं, पण वाचता येऊ दे म्हणजे झालं!"

मग माझी पाळी आली. मी मन घट्ट केलं. दिवा लागला, पिवळा पडला आणि जोर एकदम सहावर आला. माझ्या पोटातला एक कप्पा मेलाच होता.

"चौदा नापास," काका म्हणाले.

"एका फटक्यात काय नापास करता बिचाऱ्याला? पुन्हा घ्या."

काकांनी चार चार्जर मागून आणले. आम्ही आणखी फुगू नये म्हणून आम्हाला दोन फळ्यांमध्ये आवळलं, आणि पाच दिवसांत पूर्ण भरायचं, पूर्ण रिकामं करायचं असं तीनदा केलं. भावंडांच्या अंगात हळूहळू जीव आला. मी मात्र जिथे होतो तिथेच राहिलो. भंगारवाल्याकडच्या एका अपघाती गाडीतून माझ्या मापाचा डबा आला आणि तो माझ्या जागी उभा राहिला. माझ्या डोळ्यांदेखत भावंडांनी त्याचा हात धरला. मला किती वाईट वाटलं म्हणून सांगू!

सातव्या दिवशी काकांनी पंखा उघडला. पात्यांमध्ये केशरी लोकर गच्च भरली होती. काका ती बोटांनी ओढत राहिले, ओढत राहिले. मग त्यांनी जाळीकडे बघितलं, उशीकडे बघितलं आणि जमिनीवर बसकण मारली. लिफ्टमधला बारीकसा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस तो. आपणच काय केलं, ते त्यांना एका क्षणात कळलं.

"काय सापडलं हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी मूठ मिटली. "काही नाही. उंदराचं काम दिसतंय."

काकूंनी मुठीतून बाहेर आलेला केशरी धागा पाहिला. आपल्या शालीच्या विरलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"मेला उंदीर," त्या म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आठव्या दिवशी गाडी चालू झाली. आता काकू पुढच्या सीटवर बसायच्या आणि मागची जाळी मोकळी असायची. मी भंगारातच जायचो, पण काकूंनी मला उचललं. "राहू दे हा. कापड कापताना वजन ठेवायला बरा आहे." पुढे पाच महिने मी त्यांच्या कापडावर बसलो. त्यांची बोटं सुजलेली असायची, तरी कात्री सरळ चालायची. रुग्णालयाची एकही फेरी चुकली नाही.

मग एका बुधवारी गाडी दोघांना घेऊन गेली आणि एकट्या काकांना घेऊन आली. तिथे यंत्राला जोडलेल्या असतानाच काकूंचं हृदय थांबलं होतं. काकांनी दार उघडलं आणि हातातल्या काकूंच्या चपला दाराशी जोडीने लावून ठेवल्या. मला रडता आलं असतं, तर त्या दिवशी मी रडलो असतो.

गाडी दोन महिने जागेवरून हलली नाही. उभी गाडी आम्हा डब्यांना मारते, हे काकांना ठाऊक होतं. शेवटी त्यांनी ती विकायला काढली. घ्यायला एक शाळेतल्या बाई आल्या. काकांनी त्यांना ती जाळी तीनदा दाखवली.

"इथे काही ठेवू नका. उशी नको, शाल नको, काही नको."

"अहो, ठेवणार नाही. एवढं काय आहे त्यात?"

चाचणीचे आकडे बाईंना द्यावेत म्हणून काका आत आले. जुनी बॅटरी गोळा करणाऱ्यांकडे द्यायला त्यांनी मला आधीच एका पिशवीत भरलं होतं. पिशवी दाराशीच होती. त्यांनी मापाची वही काढली, चष्मा चढवला आणि त्या पानावरून बोट खाली आणलं. चौदावर ते थांबलं. तिथे शेऱ्याच्या रकान्यात काकूंच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

"नापास. मला ऊब मिळावी म्हणून हा भाजला. उंदराला बोल लावू नये. टाकू नका."

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. यंत्र कुरकुरलं तर त्याचं तोंड दाबू नका, त्याला काय होतंय ते बघा. त्याची हवेची वाट मोकळी ठेवा. आणि कुणाच्या हातून मायेपोटी चूक झाली असेल, तर त्याला ते जिवंतपणीच सांगून टाका की आपला राग नाही. काकूंनी लिहिलं, पण बोलायचं राहून गेलं, आणि काकांनी ते सात महिने एकट्याने उरात वागवलं.

बाहेर बाई खोळंबल्या होत्या. काकांनी सगळे आकडे दुसऱ्या कागदावर उतरवून दिले, वही दिली नाही. गाडी गल्लीच्या वळणावरून गेली आणि माझी सत्तावीस भावंडं कायमची गेली. काका आत आले, पिशवीची गाठ सोडली आणि मला बाहेर काढून खिडकीत, काकूंच्या शिवणयंत्राशेजारी ठेवलं. माझ्या कपाळावरच्या आकड्यावरची धूळ त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली.

"नाही टाकत गं," ते म्हणाले. "नाही टाकत."