सहा महिन्यांची अट

परीक्षित जपानला गेला त्याला तीन महिने झाले, आणि तेवढ्या काळात हेमांगीचं वजन सात किलोंनी उतरलं. तो गुडगावच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. कंपनीने वर्षभराच्या ट्रेनिंगला धाडलेला. लग्नाला जेमतेम दीड वर्ष. त्यामुळे तिची झोप उडाली, छाती धडधडू लागली, हातात चहाचा कप थरथरू लागला, तेव्हा सगळ्यांनी एकच अर्थ लावला. नोएडाच्या ऑफिसात मैत्रिणी म्हणायच्या, "इतना भी क्या, यार." तिलाही तसंच वाटे. त्या धडधडीचा तिला थोडा अभिमानच होता.

सासूबाईंना मात्र पटेना. सरलाबाईंनी तीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत काढलेली. एकदा जेवताना म्हणाल्या, "आठवणीने माणसाची भूक जाते. तू दोन पोळ्या जास्त खातेस आणि तरी वाळतेस. चल डॉक्टरकडे."

रक्ताच्या तपासणीत कळलं, थायरॉईडची ग्रंथी भलतंच जास्त काम करत होती.

डॉक्टरीणबाईंनी तीन वाटा सांगितल्या. गोळ्या दीड-दोन वर्षं घ्यायच्या, पण बंद केल्यावर निम्म्या लोकांना पुन्हा त्रास होतो. ऑपरेशनने लवकर सुटका, पण गळ्यावर वण आणि आवाजाच्या नसेला थोडा धोका. नाहीतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस, बहुधा एकच पुरतो. ग्रंथी हळूहळू थंडावते, मग जन्मभर रोज एक गोळी.

"आणि डोसनंतर निदान सहा महिने गरोदर राहता कामा नये," त्या म्हणाल्या.

हेमांगीने मांडीवर बोटं टेकवत महिने मोजले. आधी काही आठवडे गोळ्यांनी धडधड आटोक्यात आणायची, मग ऑक्टोबरात डोस. परीक्षित मे महिन्यात येणार. तोवर सहा महिने उलटलेले, गणित बसत होतं.

रविवारी एसटीडी-आयएसडी बूथवरून फोन लावला. शब्द पोचायला वेळ लागे, त्यामुळे दोघं एकमेकांवर बोलत.

"थांब ना मी येईपर्यंत. मिळून ठरवू."

"तू आल्यावरही आणखी सहा महिने वाटच बघायची? मला नाही बघायची."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर तू इथे हवास."

शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. घे."

दिल्लीच्या घरी नणंद रेवती बाळंतपणाला आलेली होती. डोस घेतलेल्या अंगातून काही दिवस किरणं बाहेर पडतात, त्यामुळे तिच्याजवळ जायची बंदी. म्हणून डोसनंतर हेमांगी गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये राहिली. नुकताच ताबा मिळालेला, चौथा मजला, खाली बाजरी कापून मोकळी झालेली शेतं, पलीकडे अर्धवट इमारती. घरात एक गादी आणि स्टोव्ह. ती खिडक्या मापायची. पलंग कुठे ठेवायचा हे परीक्षितला विचारायचं राहून गेलं होतं, ते आठवून तिला रडू यायचं.

सासूबाई रोज दुपारी बसने येत. डबा दाराशी ठेवून खालच्या पायऱ्यांवर बसत आणि तिथेच आपला डबा उघडत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "परीक्षित पोटात होता तेव्हा ह्यांची बदली गुवाहाटीला झाली. दोन वर्षं. मी कुणाला बोलले नाही."

"मग काय केलंत, आई?"

"काय करणार. ऑफिसला जायचे."

पाच दिवसांनी ती घरी परतली, पण रेवतीपासून अजून काही दिवस लांबच राहिली. जानेवारीपर्यंत वजन भरलं, रोजची गोळी सुरू झाली, नाडी शांत चालू लागली. परीक्षितची ओढ मात्र कमी झाली नाही. आधी ती छातीत धावायची, आता नुसती बसून राहायची, आणि तेच जास्त जड होतं.

मे महिन्यात तो आला. दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या घरात कूलर लावून दोघं पडली होती.

"सांग ना, ते पाच दिवस कसे गेले?" त्याने विचारलं.

ती सांगू लागली. अर्ध्यावर त्याचा डोळा लागला. तिने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग खांदा हलवून त्याला उठवलं.

"नीट ऐक," ती म्हणाली, आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली.