कासवाची खाच

सोमा गेला तो ऑक्टोबर छाटणीनंतरचा नववा दिवस होता. साल दोन हजार पाच. सकाळी सव्वासातला विमलाबाईंच्या टेकडीवरच्या द्राक्षबागेत, वरच्या शेततळ्यावर औषधाची टाकी भरून खाली निघालेला छोटा ट्रॅक्टर दुसऱ्या वळणापाशी आडवा झाला आणि उलटला. सोमा खाली सापडला. वय एकतीस. पंचनाम्यात तीन गोष्टी लिहिल्या गेल्या: ब्रेकच्या खुणा चाळीस फूट, चालकाच्या मागची लोखंडी कमान खाली पाडलेली, आणि गिअरचा दांडा कासवाच्या खाचेत.

तिसरी गोष्ट खोटी होती. ते एकट्या यादवला माहीत होतं.

यादव या बागेवर अठरा वर्षं ड्रायव्हर. पेठकडच्या डोंगरातून हंगामाला आला आणि इथलाच झाला. पुढे धाकट्या बहिणीला, नवसाबाईला, आणि तिच्या नवऱ्याला, सोमाला, त्यानंच बोलावून घेतलं. सोमा आधी छाटणीला होता. मग यादवच्या मोठ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून बसून ड्रायव्हर झाला. यादव जे करी ते सोमा करी. बिडी कानावर ठेवायची सवयसुद्धा त्यानं तिथूनच उचलली.

छोटा जपानी ट्रॅक्टर आदल्या वर्षी आला. मांडवाच्या तारांखालून सहज जाणारा, क्लच नसलेला. तो शिकवायला अंबडच्या वर्कशॉपमधून मनोज नावाचा मेकॅनिक आला होता. त्यानं दोघांना दिवसभर टेकडीवर फिरवलं.

"क्लच विसरा," मनोज म्हणाला. "पायडल दाबलं की गाडी चालते, सोडलं की आतलं तेलच चाकं धरतं. उतारावर ब्रेकपेक्षा ते तेल खरं. या दांड्याला तीन खाचा. ससा सपाटीला. कासव चढाला आणि उताराला. मधली खाच फक्त गाडी उभी असताना. उतारावर मधे टाकलात की तेलाची पकड सुटली, चाकं मोकळी."

"मग?" सोमानं विचारलं.

"मग खाली पोचाल. गाडीच्या आधी पोचाल का नंतर, एवढाच प्रश्न."

सोमा हसला. मनोजनं बाकीचंही सांगितलं. उतार सरळ चढायचा, सरळ उतरायचा, आडवं जायचं नाही. गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी मागची कमान मांडवाखाली शिरताना पाडायची, पण बाहेर आल्याबरोबर उभी करायची आणि मगच पट्टा बांधायचा. मागं भरलेली टाकी असली की आणखी हळू, कारण पाणी मागून ढकलतं. यादवनं सगळं ध्यानात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मनोजपेक्षा सोप्या शब्दांत सोमाला पुन्हा समजावलं.

पण हातापायांना लागलेली सवय निराळी असते. मोठ्या ट्रॅक्टरवर यादव टेकडीवरून नेहमी न्यूट्रलवर उतरायचा. डिझेल वाचायचं. विमलाबाईंचे यजमान असताना लोकांदेखत म्हणायचे, "आमचा यादव उतारावर थेंब पिऊ देत नाही गाडीला." तालुक्यातले निम्मे ड्रायव्हर असेच उतरायचे आणि ते हुशारीचं लक्षण मानलं जायचं.

मनोज जाऊन महिना झाला असेल. रिकामी गाडी घेऊन यादव वरून निघाला, मडगार्डवर सोमा.

"पाव्हणं, गंमत बघायची?" यादवनं दांडा मधल्या खाचेत सरकवला.

गाडी सुटली. वारा कानात शिरला. दोन्ही वळणं यादवनं ब्रेकवर काढली आणि खाली येऊन सफाईनं थांबवली.

"दादा, तेल नाय न काय नाय," सोमा म्हणाला. "मनोजशेट उगाच घाबरवून गेले."

"पुस्तकी माणूस हाय तो. जुनं तेच खरं."

एवढंच. पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही. त्या दिवशी मागं टाकी नव्हती, हे यादवनं सोमाला सांगितलं नाही. त्याच्याच मनात ते आलं नव्हतं.

अपघाताच्या सकाळी यादव खालच्या प्लॉटमध्ये होता. आवाज ऐकून तो धावला आणि सगळ्यात आधी पोचला. सोमात काही उरलं नव्हतं. इंजिन बंद पडलं होतं, टाकीतून निळं पाणी वाहत होतं. आणि दांडा मधल्या खाचेत होता. यादवनं हात घालून तो कासवाच्या खाचेत ढकलला. मग माणसं आली. सोमाच्या नावावर ठपका नको म्हणून आपण तसं केलं, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. ते अर्धं खरं होतं.

दिवसपाणी उरकून नवसाबाई कामावर आली तोवर ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला होता. ब्रेक नवे बसवले होते. ती गाडीजवळून जाताना थुंकायची. "खोटा डबा," म्हणायची. "उतारावर धरीन म्हणाला न धरलं नाय." यादव ऐकायचा. छोट्या गाडीवर बसायला त्यानं नकार दिला, म्हणून विमलाबाईंनी सायखेड्याकडचा सुनील आणला. हात चांगला, पण सगळी उमर गोदाकाठच्या सपाटीवर गेलेली.

पहिल्या दिवशी शेततळ्यावर टाकी भरत होती. नवसाबाई बादलीत औषध कालवून ओतत होती. यादवनं सुनीलला सगळं सांगितलं, कमान उभी करून दाखवली, पट्टा ओढायला लावला.

"आता कासवात टाक आणि खाली जाईस्तोवर तिथंच ठेव."

सुनीलनं मान हलवली. "रागावू नका दादा. तुमचा पाव्हणा कासवातच होता ना? पंचनाम्यात लिवलंय तसं. तरी गाडीनं दगा दिला. मी आपला मधे टाकतो न ब्रेकावर उतरवतो. ब्रेक माझ्या पायात हाय. तेल कुणी पाह्यलंय?"

"तसं नसतं. मनोजला विचार पायजे तर."

"मनोज गाडी इकणाऱ्यांचा माणूस. तो कशाला वाईट सांगंल?"

नवसाबाईनं बादली रिकामी केली. "त्याचं खरं हाय, दादा. त्या कासवानंच खाल्लं माझ्या माणसाला. भाऊ, तिकडं नको टाकू तू."

सुनीलनं चावी फिरवली. त्याचा हात दांड्याकडे गेला, पण दांडा त्यानं मधल्या खाचेतच राहू दिला. मागं सहाशे लिटर पाणी होतं. यादवनं वाकून चावी काढून घेतली. इंजिन बंद झालं आणि तळ्यावरचा पंप तेवढा ऐकू येत राहिला.

"दांडा कासवात नव्हता," यादव म्हणाला. "मधे होता."

"पण पंचनामा..."

"मी सरकवला. कुणी यायच्या आधी."

नवसाबाईनं विचारलं, "का?"

"मधे टाकायचं मीच दाखवलं होतं त्याला. मडगार्डवर बसवून."

तिनं बादली खाली ठेवली. "इतके दिस मी त्या गाडीला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "अन् तू शेजारी उभा राहून ऐकल्या."

ती सुनीलकडे वळली.

"टाक कासवात."

सुनीलनं टाकला. पट्टा तपासला आणि निघाला. गाडी माणसाच्या चालीनं, सरळ, उतारावरून जाऊ लागली. नवसाबाई तिच्या मागोमाग खाली गेली. दुसऱ्या वळणावर ती थांबली नाही. गाडी तळाशी पोचल्यावरच तिनं पदर खोचला आणि कामाच्या ओळीत शिरली.

दुपारी यादवनं विमलाबाईंना सगळं सांगितलं, पोलिसांनाही सांगू म्हणाला. त्या म्हणाल्या, "हे तुला शाबासकी द्यायचे त्या उतरण्याची. मीही कौतुक करायचे." संध्याकाळी त्या त्याच्याबरोबर ठाण्यात आल्या. हवालदारानं जबाब लिहून घेतला आणि जा म्हणाला.

भाऊबीजेला नवसाबाई भावाच्या घरी आली नाही. दुखवट्याचं वर्ष आहे, सण कसा करील, असं वस्तीवरची माणसं म्हणाली. यादवही विचारणाऱ्याला तेच सांगत राहिला. घरात पाट मांडलेला होता, तो त्यानं दिवेलागणीला उचलून ठेवला.

बागेत रोज समोरासमोर काम चाले. दादा ही हाक मात्र त्या दिवसानंतर तिच्या तोंडून ऐकू आली नाही. काही लागलं तर ती सुनीलकरवी निरोप धाडायची. सुनील कासवातच उतरायचा.

पुढच्या वर्षी भाऊबीजेला दुखवटा आड नव्हता. यादवनं पाट मांडला.