वार पाळणारा अमोनिया

सतरा माशांपैकी तीन उरले होते, आणि भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, जाहीर करून टाकलं होतं की आणखी एक जरी उलटा तरंगला तर तळं बुजवायचं आणि तिथे त्यांची गाडी लावायची. घराचा मागचा भाग त्यांच्या वाट्याचा आहे, त्यामुळे त्यांना कोणी काही बोलू शकत नव्हतं.

तळं मात्र सासऱ्यांचं. बाबांनी निवृत्तीच्या वर्षी स्वतः फावड्याने खणलेलं. सासूबाई गेल्यानंतर ते सकाळी अंथरुणातून उठत ते फक्त तळ्याशी जायला. ते बुजलं तर ते कशासाठी उठतील, हा प्रश्न घरात प्रत्येकाच्या डोक्यात होता आणि तोंडात कोणाच्याच नव्हता.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. गावभरच्या पाण्याचे अहवाल माझ्या सहीने जातात आणि माझ्याच परसातले मासे मरतात, हा विनोद नवऱ्याने तीनदा केला.

जे करायचं ते सगळं मी केलं होतं. खाणं निम्म्यावर आणलं. नळाचं पाणी एक दिवस पिंपात उघडं ठेवून, दर गुरुवारी आणि शनिवारी तळ्यातलं पाचवा हिस्सा पाणी बदललं. हवेचा पंप लावला. कुजकी पानं जाळीने काढली. रोज संध्याकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया, म्हणजे माशांना विष. बेचाळीस दिवस हिरवं. तीन मासे इतका अमोनिया करूच शकत नाहीत.

वैतागून एका संध्याकाळी मी वहीत रोज टिपलेले आकडे कागदावर मांडले, तेव्हा ते दिसलं. अमोनिया सोमवारी चढायचा, बुधवारी टोक गाठायचा आणि माझ्या पाणी बदलण्याने शनिवारपर्यंत थोडा उतरायचा. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. सहा आठवडे, एकही नागा नाही.

जिवाणूंना आठवड्याचे वार कळत नाहीत. माणसांना कळतात. आणि रविवारी माझी कामाची पाळी असते, मी घरी नसते.

पुढच्या रविवारी पाळी बदलून घेतली आणि कोणाला न सांगता घरीच थांबले. अकराच्या सुमाराला मागच्या पडवीतून कुकरचा फुसफुसाट ऐकू आला. बाबा छोट्या शेगडीपुढे स्टुलावर बसले होते, हातात घड्याळ. शेजारी तळ्याच्या गाळणीची पेटी उघडी पडलेली, आतून रिकामी.

"बाबा, कुकरमध्ये काय आहे?"

ते दचकले. "तू कामावर नाही गेलीस?"

"कुकरमध्ये काय आहे?"

"स्पंज. पूर्ण दाबावर वीस मिनिटं. अजून चार राहिलीत, मध्ये उघडू नकोस."

बाबांची सगळी नोकरी इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण विभागात गेली. छत्तीस वर्षं कात्र्या, चिमटे, कापड. त्यांच्या हातून गेलेल्या वस्तूवर एकही जंतू जिवंत राहिला नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाला, गाळणीला हात लावता का. तुम्ही म्हणालात, छे."

"हात कुठे लावला? साफ केली. बघितलंस का काय चिखल असतो त्यात? शी! त्यातून गाळलेलं पाणी मासे पितात."

मी पडवीच्या पायरीवर बसले. जुनी गाळणी म्हणजे जमिनीत पुरलेला खडीचा खड्डा होता. तो उघडताच यायचा नाही. दोन महिन्यांपूर्वी तो तुंबला म्हणून ही झाकणाची, खटक्याने उघडणारी पेटी मीच आणली होती. खटका किती सोपा आहे, हेही मीच दाखवलं होतं.

"बाबा, त्या चिखलातले जिवाणू माशांचा अमोनिया खातात. तेच तळं जिवंत ठेवतात. तुम्ही दर रविवारी ते उकडता."

त्यांनी शेगडी बंद केली.

"म्हणजे ते चौदा..."

मला खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गावातल्या रोपवाटिकेच्या मालकीणबाईंकडे गेलो. त्यांच्या कमळाच्या टाक्यात मासे मजेत असतात. त्यांनी आपल्या गाळणीतला एक काळा, गिळगिळीत, जिवाणूंनी भरलेला स्पंज पिशवीत घालून दिला. गाडीत बाबांनी ती पिशवी दोन बोटांत, हात लांब करून धरली होती.

"फुकट दिला?"

"फुकट."

"देणारच. हे विकत कोण घेणार!"

तो स्पंज त्याच दिवशी आमच्या गाळणीत बसवला, पण उशीर झाला होता. मंगळवारी दुपारी सगळ्यात मोठा मासा गेला. संध्याकाळी भाऊजी आले ते मोजपट्टी घेऊनच.

"वहिनी, मी आधीच सांगितलं होतं. एक गेला की संपलं. तुमचं विज्ञान झालं ना करून?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "तिचं विज्ञान नाही. मी मारले. पंधराच्या पंधरा."

"काय बोलताय बाबा?"

"स्पंज उकडत होतो. तिला सांगितलं नाही." मग आवाज चढला. "आमच्याकडे इस्पितळात कधी हत्यारांचा एखादा संच नापास झाला, तर काय शस्त्रक्रियेची खोली बुजवत होतो का आम्ही? कोणी चुकलं ते लिहायचं, त्याला त्या कामावरून काढायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मला काढलंय. तुझी पट्टी आत घे."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वही पुढे केली. त्यांनी उघडली नाही. "तीन महिने," ते शेवटी म्हणाले. "नवा एकही मासा आणायचा नाही. हे दोन टिकले तर बघू."

आता अठरा दिवस झाले. नळी अजून हिरवीच आहे, फक्त थोडी फिकट. नवे जिवाणू वसायला वेळ लागतो, त्याला माझा इलाज नाही. आज सकाळी बाबा काठावर उभे होते, हातात जुना दातांचा ब्रश.

"दगडांवरचं शेवाळ तरी काढू?"

"नाही."

"नुसत्या कडा?"

"कडाही नाही, बाबा."

"मग मी करू तरी काय?"

"काही नाही. तेच करायचंय."

त्यांनी ब्रश खिशात ठेवला, हात पाठीमागे बांधले आणि तिथेच उभे राहिले. नुसतं वाट बघणं मलाही जमत नव्हतं, मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. मी नळी धुतली आणि पाणी भरायला खाली वाकले.