उरलेली एक्केचाळीस कामं

बाबा गेल्यावर दोन आठवड्यांनी मी कामावर परतले. आम्ही दोघं एकाच ऑफिसात, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. त्यांचा कॉम्प्युटर आवरायचं काम माझ्याकडेच आलं.

त्यात एक यादी होती. एक्केचाळीस बारीकसारीक चुका: लांब आडनाव अर्धंच छापलं जातं, तारीख रकान्याबाहेर सरकते. काही चुका सहा वर्षं जुन्या. घरातला गळका नळ संध्याकाळपर्यंतही खपवून न घेणारा माणूस! आजार तेव्हाच सुरू झाला असेल, मला दिसला नाही, असं वाटलं. त्यांचं काही अर्धवट राहू द्यायचं नाही, म्हणून मी यादी एआयला दिली. दुपारच्या चहाच्या आत सगळं दुरुस्त. एकेक तपासलं. खोट नव्हती.

बाबांचे जुने सहकारी, ज्यांना मी काका म्हणते, चहाचा कप घेऊन आले. "काय केलंस हे?"

"चुकलं का काही?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं. तुझा बाप आळशी होता का गं? मुद्दाम ठेवायचा तो. बिघडलं तरी कुणाचं नुकसान नाही, असं काम नव्या पोरांना पहिल्यांदा द्यायला. तुला नव्हतं दिलं?"

दिलं होतं. तीन दिवस मी अडले होते आणि बाबा शेजारी बसून होते, दोन्ही हात खिशात घालून. कीबोर्डकडे हात जाऊ नये म्हणून.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. सोमवारी रुजू होणाऱ्या मुलीची जागा रद्द झाली होती.

"एआयमुळे?" मी विचारलं.

"मंदी आहे, वरून दबाव आहे, एआय आहे. नेमकं कशामुळे ते मलाही सांगता येणार नाही. दर वर्षी मी तुझ्या बाबांची यादी पुढे करायचो. एवढी कामं पडलीत, माणूस द्या म्हणायचो. या वेळी यादीच रिकामी. काय दाखवू?"

त्या मुलीला मीच कळवते, असं मी म्हणाले. तेवढं तरी मी तिचं देणं लागत होते.

जागा रद्द झाल्याचं मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ताई, एआयमुळेच ना?"

यादी मीच रिकामी केली, हे सांगायचं मी ठरवलं होतं.

"हो," मी म्हणाले.

तिला ते लगेच पटलं.