एका परातीचं शास्त्र

आमच्या सरांनी माकडांवर जाडजूड पुस्तक लिहिलंय. सार काय, तर माकडाचा जन्मच मारामारीसाठी. जो दांडगा तो राजा, बाकीचे त्याचे पाय चेपणारे. अगं बाई, केवढा शोध! वीस वर्षं त्यांचा पिंजरा झाडतेय मी. मला विचारलं असतं तर तेवढा कागद तरी वाचला असता.

सरांची पद्धत काय? खुर्ची टाकायची, चहा मागवायचा आणि जो ओरडेल त्याचं वहीत टिपायचं. गप्प बसलेल्या माद्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. आणि खाणं ठेवायचं मधोमध, एकाच परातीत. एकवीस तोंडं, एक परात! तिथे साधुसंतसुद्धा एकमेकांच्या झिंज्या उपटतील.

मग चष्मिष आली, सरांचीच विद्यार्थिनी. ती घड्याळ लावून प्रत्येक माकडाकडे दहा-दहा मिनिटं बघायची, कोपऱ्यातल्या म्हातारीकडेसुद्धा. एक दिवस म्हणाली, "मावशी, खाणं बारा ठिकाणी टाकू या." टाकलं. महिनाभर कुणाला ओरखडा नाही. वर दिसलं काय, तर म्हातारी उठली की अख्खा कळप तिच्यामागे, सरांच्या राजासकट.

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पदवीच्या परीक्षकांसमोर बेधडक म्हणाले, "हिने दांडगी माकडं आधीच बाहेर काढली असणार. नोंदी खोट्या आहेत." पोरीची चार वर्षं पाण्यात जायची वेळ आली. ती एवढंच म्हणाली, "मावशींना विचारा."

परीक्षकांनी मला बोलावलं. सर डोळे वटारून बघत होते. बघा म्हटलं, खुशाल बघा.

"पिंजऱ्याची किल्ली माझ्याकडे असते," मी म्हणाले. "एकही माकड बाहेर गेलं नाही. परात तेवढी मी बाहेर काढली."

पदवी मिळाली. बाहेर येताच पोरीने मला मिठी मारली.

"मावशी, परातीचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. सर रजेवर असले की मी खाणं चार कोपऱ्यांत टाकायचे."

"मग त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

त्या परातीपाशी तीन पिल्लं चेंगरून मेली होती. तिन्ही मीच पुरली. सरांना मनातल्या मनात शिव्या घालत पुरली, आणि दुसऱ्या दिवशी परात पुन्हा मधोमध ठेवली.

"नाही सांगितलं," मी म्हणाले.