घोरणारी रेघ

"भंडारा जिल्ह्याच्या पोटात तेल आहे, आणि हे अठ्ठ्याहत्तर साल संपायच्या आत ते देशाचं नशीब पालटणार आहे!" बोकारे साहेबांनी हात वर करून जाहीर केलं, आणि त्यांच्या खुर्चीचा मागचा पाय देवाजीच्या धानाच्या बांधीतल्या चिखलात टोंगळ्यापर्यंत गेला.

देवाजीनं खुर्ची उपटून दिली.

"तेल निघालं तं बांधी जाईल नं जी आमची?"

"देशासाठी, देवाजी."

"देशाले साऱ्या सिहोऱ्यात माहीच बांधी दिसली?"

साहेबांच्या हाताखालच्या सेवकरामनं जीपमागच्या गिरकीच्या चाकावरून तार सोडली. तारेच्या टोकाची लोखंडी नळी बोअरच्या भोकातून खाली गेली. खाली खडक विजेला किती अडवतो ते नळी मोजी आणि जीपमधल्या सरकत्या कागदावर पेन त्याची रेघ ओढी. तळाशी रेघ एकदम उजवीकडे झुकली, म्हणजे अडथळा एकाएकी वाढला.

"वायू!" साहेब पुटपुटले.

"गेली माही बांधी," म्हणत देवाजी कडेच्या धुऱ्यावर बसला.

खात्रीसाठी साहेबांनी नळी जागीच थांबवली. नळी थांबली की रेघ सरळ यायला हवी. ही मात्र संथपणे उजवीकडे जाई, डावीकडे येई, जरा थांबे, पुन्हा जाई. जीप बंद करून पाहिली, तरी तेच. गावात सकाळपासून लाईन नव्हती, त्यामुळे पंपावरही खापर फोडता येईना.

देवाजीची बायको चंद्रभागाबाई चहा घेऊन आली. कागदाकडे पाहून म्हणाली, "झोपूनच आहे अजून."

"कोण?"

"इथं विहीर होती जी. सासऱ्यानं बुजवली."

"कायले?" सेवकरामनं विचारलं.

"आतून कोणी घोरे. त्याईले झोप नाही लागे."

साहेब मोठ्यानं हसले. रेघ सरळ झाली.

"हळू हासा नं जी," ती कुजबुजली.

तारेला खालून ओढ बसली. हलकीच, कुणी कूस बदलताना पांघरूण ओढावं तशी. सेवकरामनं हुकमाची वाट न पाहता गिरकी उलटी फिरवली. नळी वर आली तेव्हा कोमट होती.

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'निव्वळ खडक. येथे पुन्हा खोदू नये.' देवाजीनं हात जोडले. जीप सुरू करायला कुणी धजेना. तिघांनी ती ढकलतच सडकेपर्यंत नेली. साहेबांनी बूट हातात घेतले होते.

चंद्रभागाबाई मागून लगबगीनं आली.

"साहेब, तेवढा भोकावर एक गोटा ठेवून द्या जी. कोंबडीची पिलं पडतेत."